पडलेलं हेल्मेट

मधुकररावांनी दार उघडलं, समोर कामिनीला पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाला सांगावं तसं म्हणाले, "आली."

अकरा वर्षं ते आपल्या लेकीशी असेच बोलत आले होते. म्हणजे बोलत नव्हते. घड्याळाशी बोलत, पंख्याशी बोलत, फार तर बायकोकडे पाहून "तिले म्हणा, चहा घेऊन घे" एवढं सांगत. लग्नानंतर कामिनी मौद्याहून दर रविवारी नागपूरजवळच्या बेसा गावातल्या या घरी येई, आईजवळ दोन तास बसे, आणि आपल्या वाट्याचे चार शब्द असे भिंतीवरून उसळून आलेले उचलून परत जाई. तेवढ्यावर माणूस जगू शकतो हे तिला आधी माहीत नव्हतं. जगतो. पण जगण्याला एक कायमचं बारीक हुडहुडणं लागून राहतं, उन्हाळ्यातसुद्धा...

आज रविवार नव्हता. आईनं फोन करून बोलावलं होतं.

रुखमाबाईंच्या किडन्या दिवाळीपासून थकल्या होत्या. डॉक्टरांनी डायलिसिसच्या मशीनवर घेतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, आमच्या कारखान्यात एक मशीन आहे तेवढं पुरे. आता त्या पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर पडून होत्या. अंगावरचं लुगडं शरीरापेक्षा जड वाटावं अशी अवस्था झाली होती. कामिनी उशाशी बसताच त्यांनी तिचं मनगट धरलं.

"आज त्यायले सांगतो मी."

"आई, काही गरज नाही. मी म्हटलं काय तुले कधी?"

"तू नाही म्हटलं. म्हणूनच सांगतो."

"झालं ते झालं वं."

"तुझं झालं असन. माझं नाही झालं," रुखमाबाई म्हणाल्या, आणि कामिनीच्या छातीत अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार पुन्हा धपकन येऊन बसली.

*

मधुकरराव खोरगड्यांचा हेल्मेटचा धंदा कूलरमधून निघाला. नागपुरात उन्हाळ्यात फायबरचे कूलर बनवणारा माणूस राजा असतो आणि पावसाळा लागला की त्याला कोणी ओळखत नाही. मधुकररावांना ते आठ महिने बसून राहणं सोसेना. फायबर तेच, साचा वेगळा, म्हणून त्यांनी हेल्मेट करून पाहिलं. छाप कोणती ठेवायची यावर वाघ झाला, गरुड झाला, विजेचा लोळ झाला. शेवटी भाकरी थापता थापता रुखमाबाई म्हणाल्या, "कासव ठेवा. देवानं हेल्मेट घालून पाठवलेलं एकच जनावर आहे ते."

कासव छाप हेल्मेट. लोक हसले, आणि हसता हसता नाव लक्षात राहिलं.

पण खरी गंमत पुढं झाली. मधुकररावांनी मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींना पैसा लावायला सुरुवात केली. आधी बुटीबोरीच्या एका मेकॅनिकचे टायर आणि पेट्रोल, मग दोघांचे, मग एका पूर्ण टीमचे. कपाळावर कासव घेऊन पोरं सगळ्यात पुढं धावत, आणि माईकवरचा माणूस "कासव पहिलं, कासव पहिलं" म्हणून घसा फोडी. शर्यत सुटायच्या आधी मधुकरराव स्वतः मंचावर जात, एक नवं कोरं हेल्मेट सगळ्यांसमोर हातातून सोडत आणि मग करवतीनं त्याचे दोन तुकडे करत. "आमच्याकडं पडलेलं हेल्मेट विकत नाही." टाळ्यांनी मैदान भरून जाई.

मंचावरचा तो खेळ हळूहळू कारखान्याचा धर्म झाला. ज्याच्या हातून हेल्मेट पडेल त्यानंच ते कापायचं. मग तो कामगार असो की मालक. कापलेल्या वाट्यांमध्ये कारखान्यातल्या जुन्या कामगार यमुताई सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावत. कारखान्याच्या मागच्या भिंतीला अशा पन्नासेक हिरव्या खोपड्या रांगेनं टांगलेल्या होत्या.

या घरातला मुलगा ऋषिकेश मोटरसायकलवरच वाढला. अठराव्या वर्षी कासव टीममध्ये आला, बाविसाव्या वर्षी त्याचा फोटो हेल्मेटच्या खोक्यावर आला. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी कामिनी कारखान्यात आतलं काम बघे. हेल्मेटच्या आत डोक्याला कवटाळणारं जे जाड थर्माकोलसारखं अस्तर असतं, ज्याला तिथं लायनर म्हणत, ते बसवणं आणि मशीनवर आपटून तपासणं हे तिचं खातं. भावाचं प्रत्येक हेल्मेट तिनं स्वतःच्या हातानं भरलं. तो म्हणे, "ताई, तुझ्या हातचं घातलं की कान गरम होते, म्हणजे बरोबर बसलं." एवढंच त्याचं आभारप्रदर्शन.

आणि मग वर्धा रोडच्या मैदानावरची ती शर्यत. तिसऱ्या फेरीत, डाव्या वळणावर, ऋषिकेशची गाडी घसरली, तो उडाला आणि ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या जाहिरातीच्या बोर्डाच्या लोखंडी खांबावर जाऊन आदळला. बोर्ड कासव हेल्मेटचाच होता. पंचवीस वर्षांचा मुलगा... खांबावरून खाली येईपर्यंत संपला होता.

चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात रुखमाबाईंनी कामिनीला सांगितलं. शर्यतीच्या तीन दिवस आधी ओटा पुसताना त्यांच्या कोपराचा धक्का लागून ऋषीचं हेल्मेट फरशीवर पडलं होतं. नियम त्यांना माहीत होता. आपल्या हातून पडलं, आपणच कापायचं. करवत मागच्या खोलीत होती. त्या हेल्मेटवर मुलाचं नाव लिहिलेलं, आत त्याच्या केसांच्या तेलाचा वास... आईनं मुलाच्या डोक्यावरचं ते करवतीखाली कसं धरायचं? शर्यत तोंडावर असताना असला अपशकुन कोणती आई करील? त्यांनी ते पदरानं पुसलं आणि जागेवर ठेवून दिलं.

"मीच मारलं वं त्याले," त्या म्हणाल्या. "आता त्यायले सांगतो अन् विहीर जवळ करतो."

बाहेर बैठकीत माणसं बसली होती. मधुकररावांचा फुटका आवाज आत येत होता, "हेल्मेटनं धोका दिला. कोणाच्या तरी हातानं झालं हे." आणि कामिनीनं आईकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर विहिरीचं पाणी आत्ताच दिसत होतं. ती उठली, बैठकीत गेली आणि वीस माणसांसमोर म्हणाली, "लायनर मी बसवलं होतं, बाबा. घाई झाली. एका बाजूनं नीट चिकटलं नव्हतं."

 मधुकररावांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तिला त्या दिवशी लागला नाही, पुढं अकरा वर्षं लागला नाही. मग ते दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "कारखान्यात पाय ठेवू नको." तिच्याशी थेट बोललेलं तेच त्यांचं शेवटचं वाक्य.

पुढच्या वर्षी मौद्याच्या वीज केंद्रात नोकरी असलेल्या एका शांत माणसाशी तिचं लग्न झालं. नवऱ्यालाही तिनं हेच सांगितलं, की चूक माझी होती. खोटं एकदा उचललं की मध्येच खाली ठेवता येत नाही, ते सासरीही न्यावं लागतं.

*

"ऐकलं काय," रुखमाबाईंनी हाक मारली. "इकडं या जरा."

मधुकरराव दारात येऊन उभे राहिले. हातात पेपर, चष्मा कपाळावर.

"ऋषीचं हेल्मेट या पोरीनं नाही बिघडवलं. माझ्या हातून पडलं होतं. तीन दिवस आधी, ओट्यावरून. मी कापलं नाही. लपवलं. हिनं मले वाचवाले आपल्या अंगावर घेतलं."

कामिनीनं डोळे मिटून घेतले. आता ओरडणं येईल, काहीतरी फुटेल, अशी ती वाट पाहत राहिली.  डोळे उघडले तेव्हा बाबा दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसत होते, म्हातारा बैल बसतो तसे, आधी गुडघे, मग बाकीचं.

"ओट्यावरून?" ते म्हणाले. "रिकामं?"

"हो."

"तेवढ्यानं काय होते वं त्याले?"

"तुम्हीच म्हणत होते ना. पडलं की गेलं."

"तो नियम..." मधुकररावांनी कपाळावरचा चष्मा काढला. "त्यात अर्धा धंदा होता. लोकायले दाखवाले. डोकं आत असताना आपटलं तर फेकाच म्हणतो मी, आजही म्हणतो. पण रिकामं हेल्मेट कमरेएवढ्या उंचीवरून पडलं तर बहुतेक वेळा त्याले काही होत नाही. अन् ऋषीचं तर..."

ते उठले, आतल्या कपाटातून एक खाकी पाकीट घेऊन आले, त्यातला कागद उलगडून धरला. "हा पोस्टमॉर्टमचा कागद. कवटी शाबूत. मेंदूले मार नाही. मान मोडली होती त्याची. हेल्मेटनं आपलं काम केलं होतं वं. डोक्याले ओरखडासुद्धा नव्हता. मान हेल्मेटच्या खाली असते..."

रुखमाबाई चक्क हसल्या.

"मी चालली म्हणून गोड बोलून राहिले तुम्ही."

"नाही वं."

"जिंदगीभर करवत चालवली. अन् आज म्हणता काही होत नाही. इंग्रजी कागद काढून मले कशाले फसवता? माझं पाप मले घेऊन जाऊ द्या."

आणि कामिनी? कामिनी त्या कागदाकडे पाहत होती. तारीख होती अपघातानंतरच्या तेविसाव्या दिवसाची. पाकीट जुनं होतं, पण जुन्या पाकिटासारखं कडक नव्हतं. त्याच्या घड्या वापरलेल्या रुमालासारख्या मऊ झाल्या होत्या. कोणीतरी ते शेकडो वेळा उघडलं होतं, वाचलं होतं, पुन्हा मिटून ठेवलं होतं... म्हणजे यांना माहीत होतं. तेविसाव्या दिवसापासून माहीत होतं की लायनरचा काही संबंध नाही. आणि तरी दर रविवारी ते घड्याळाशी बोलले.

मग मले काहून नाही सांगितलं, हे तिच्या पार जिभेपर्यंत आलं. पण समोर आई होती, आणि आईजवळ फार दिवस नव्हते. कामिनीनं ते पुन्हा गिळलं. गिळायची सवय होतीच.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी काढा. आईले कारखान्यात न्यायचं आहे. हिले मशीनवर दाखवू."

मधुकररावांनी सवयीनं घड्याळाकडे तोंड वळवलं. मग तसेच थांबले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "चाकाची खुर्ची मागच्या सीटवर मावन काय?"

"मावन," कामिनी म्हणाली.

*

बुटीबोरीच्या कारखान्यात चाकाच्या खुर्चीतून मालकीणबाई आल्या म्हणून काम थांबलं. यमुताईंनी आधी रुखमाबाईंच्या पायांना हात लावला, मग कामिनीला नखशिखांत न्याहाळलं.

"आली काय वं? अकरा वर्षं वाट पाहून तुझ्या ॲप्रनचा फडका केला मी. आता मागू नको."

"अकरा वर्षं वाट पाहिली, की अकरा दिवस?"

"दहाव्या दिवशी केला," यमुताई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

कामिनीनं एकाच खेपेची, एकाच मापाची दोन हेल्मेट घेतली. मशीन साधं होतं: दोन तारांमध्ये एक लोखंडी डोकं, त्याला हेल्मेट घालायचं, ठरलेल्या उंचीवर न्यायचं आणि खालच्या ऐरणीवर सोडून द्यायचं. मार आतल्या डोक्यापर्यंत किती पोचला त्याचा आकडा पडद्यावर येई. जितका कमी तितकं चांगलं.

"एक असंच आपटू," कामिनी आईला म्हणाली. "दुसरं आधी तू पाड. तुझ्याच हातानं."

तिनं हेल्मेट टेबलाच्या कडेला ठेवलं. उंची घरच्या ओट्याएवढीच. रुखमाबाईंचा हात पुढं आला, थांबला, मागं गेला. अकरा वर्षं ज्या क्षणातून त्या बाहेर आल्या नव्हत्या, त्यात पुन्हा स्वतःहून शिरायचं होतं. कामिनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी डोळे मिटून कोपरानं ढकललं.

फरशीवर तो आवाज झाला. कारखान्यातल्या प्रत्येकाला ओळखीचा आवाज. यमुताई सवयीनं वळल्या आणि करवत घेऊन आल्या.

"ठेव ती," मधुकरराव म्हणाले.

"मालक, पडलं ना."

"ठेव म्हटलं."

धड धड करत दोन्ही हेल्मेट आपटली. न पडलेल्याचा आकडा आला दोनशे बारा. पडलेल्याचा दोनशे चौदा.

"दोननं जास्त आहे," रुखमाबाई लगेच म्हणाल्या.

"एका साच्यातल्या दोघाइत दहाचा फरक पडते वं," मधुकरराव काकुळतीनं म्हणाले.

"आणखी एक पाडा."

आणखी एक पाडलं. दोनशे सहा. तर त्या म्हणाल्या, हे आधीच चांगलं असन, दुसरं घ्या. गोकुळपेठेच्या बाजारात वांगी निवडावीत तशी त्यांनी स्वतः बोट दाखवून हेल्मेट निवडली. पाचव्या आकड्यानंतर मात्र त्यांचं बोट खाली आलं.  मग त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला, आणि आतून असा आवाज आला की मशीनजवळच्या बाप्यांनीसुद्धा मान फिरवली. पुत्रशोकाचं रडणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे ते नव्हतं. विनाकारण भोगलेल्या शिक्षेतून सुटलेल्या माणसाचं होतं, जे अधिक भयाण असतं, कारण त्याला दोष द्यायलाही कोणी नसतं...

"माझ्या हातानं नाही झालं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "कामिनी, माझ्या हातानं नाही झालं वं."

"नाही झालं, आई."

"मग तू काहून..." त्यांनी पदर बाजूला केला आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "एवढी वर्षं तू काहून घेतलं अंगावर? मी तुले एकदाही म्हटलं नाही, की खाली ठेव."

"मले जड नव्हतं," कामिनी म्हणाली. हेही खोटंच होतं, पण आजवरच्यातलं सर्वांत लहान.

*

रुखमाबाईंना यमुताईंच्या पहाऱ्यात ऑफिसच्या कोचावर निजवलं. कित्येक महिन्यांनी त्या औषधावाचून झोपल्या. मशीनजवळ बाप आणि लेक उरले. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटींतून खाली येत होतं, फायबरची धूळ त्यात तरंगत होती.

"कागदावरची तारीख पाहिली मी," कामिनी म्हणाली.

मधुकररावांनी मान हलवली. ते लोखंडी डोक्यावरून हात फिरवू लागले.

"कागदाच्याही आधी माहीत होतं," ते म्हणाले. "तू बैठकीत बोलली तेव्हाच. तुझं लायनर कधी सुटलं नाही. एकाचंही नाही. मले समजलं तू खोटं बोलून राहिली. कोणासाठी ते समजलं नाही."

"मग?"

"तो बोर्ड." त्यांचा आवाज खाली खाली जात होता. "तो आधी मागं होता. सकाळी फोटोवाला म्हणाला, कासव पूर्ण येत नाही. मी चार फूट पुढं घ्याले लावला. आयोजकांचा माणूस म्हणाला, साहेब, वळणाले चिकटते. मी म्हटलं, माझाच पोरगा आहे, तो कुठून जाते मले माहीत आहे." त्यांनी लोखंडी डोक्यावरचा हात काढला. "हे घरात कोणाले माहीत नाही. आयोजकांनी माझ्या पैशापायी तोंड उघडलं नाही. मजूर परगावचे होते, गेले. अन् तू बाहेर येऊन म्हणाली, चूक माझी. मले वाटलं... कोणी घेऊन राहिलं, तर घेऊ द्यावं. मग तुझ्या तोंडाकडं पाहता येईना. पाहिलं असतं तर बोलून गेलो असतो."

कामिनी उभी होती. घड्याळ, पंखा, भिंत... अकरा वर्षं ज्या नजर चुकवण्याला ती तिरस्कार समजत आली, ती एका भेकड, मोडलेल्या माणसाची पळवाट होती! तिला वाटलं, आता आपण ओरडावं. आपले ते सगळे रविवार, आपलं खातं, ऋषीसाठी मोकळेपणानं रडण्याचा आपला हक्कसुद्धा या माणसानं ठेवून घेतला होता. कारण चूक आपली म्हणवणाऱ्या बहिणीला भावासाठी कोण रडू देतं? आणि समोर सत्तरीचा बाप उभा होता, ज्यानं चार फुटांसाठी मुलगा घालवला आणि हे चार फूट एकट्यानं रोज मोजले. दोन्ही खरं होतं. एकानं दुसरं कमी होत नव्हतं.

"तुझ्या आईले सांगू काय मी?" मधुकररावांनी विचारलं. "आज सगळं निघूनच राहिलं, तर..."

"नाही."

"तिचा हक्क आहे."

"आहे. पण ती आज झोपली आहे. तिच्यात आता कोणावर रागवाची ताकत नाही, बाबा. जितके दिवस आहे तितके हलक्यानं जाऊ द्या." कामिनीनं गालावरून हाताचा मागचा भाग फिरवला. "तिच्या वाट्याचं मी रागवीन. माझ्याही वाट्याचं. अन् ऋषीच्याही."

मधुकररावांनी मान खाली घातली. "किती दिवस?"

"ते मले माहीत नाही. पुष्कळ आहे."

तिनं मशीनखाली पसरलेले लायनरचे पांढरे तुकडे वाकून गोळा केले, कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकले, हात झटकले.

"सोमवारपासून साडेआठले येईन," ती म्हणाली. "इथंच येऊन रागवीन. माझ्या खात्याची चावी काढून ठेवा."